बग सापडलेला असतो हो, सोडवायला वेळ दिलेला नसतो

एक मेसेज फिरतोय, की आजकालचे व्हिडिओ गेम बग, म्हणजे चुका, घेऊनच येतात कारण टेस्टर फुकट खेळायचा पगार घेतात, डेव्हलपर आळशी झालेत, जुन्या गेममध्ये एकही बग नसायचा आणि कंपन्या मुद्दाम बग ठेवतात म्हणजे नंतर अपडेट विकता येतात. मावसभावाने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि आईने वाचून माझ्या धाकट्या भावाला विचारलं, "काय रे, तू खरंच नुसता खेळत बसतोस का?" तो पुण्यात गेम टेस्टिंग करतो. काही बोलला नाही, ताट उचलून आत गेला. म्हणून हे लिहितेय.

आधी ते फुकट खेळणं. मी त्याला घरून काम करताना बघितलंय. एकाच खोलीच्या चारही भिंतींना कॅरेक्टर घासत चालवायचं, कुठे आरपार जातंय का बघायला, मग उड्या मारत, मग वाकून, मग हातात दुसरी बंदूक घेऊन परत तेच, आणि नवीन बिल्ड, म्हणजे गेमची सुधारलेली प्रत, आला की पुन्हा पहिल्यापासून. बग सापडला की तो नेमका काय केल्यावर येतो, दहापैकी किती वेळा येतो, सगळं व्हिडिओसकट लिहून द्यायचं. आणि रिलीज जवळ आला की त्यातल्या कितीतरी तिकिटांवर, म्हणजे बगच्या नोंदींवर, 'वोंट फिक्स' (सोडवणार नाही) असा शेरा पडतो. त्या दिवशी तो जेवताना गप्प असतो.

भाऊ आहे म्हणून बोलतेय असं वाटत असेल तर 'सायबरपंक २०७७' हा गेम घ्या. तीनदा पुढे ढकलला. ऑक्टोबर २०२० मध्ये गेम 'गोल्ड' झाला, म्हणजे विक्रीसाठी तयार झाला, म्हणून जाहीर केलं आणि तीन आठवड्यांत परत तारीख बदलली, कारण काय तर एकाच वेळी नऊ व्हर्जन तयार करून तपासायची होती. शेवटी १० डिसेंबरला आला आणि जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट चालला की सोनीने आठवड्याभरात स्टोअरवरून काढला, तो परत आला जून २०२१ मध्ये. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली आणि स्पष्ट सांगितलं की टीमला दोष देऊ नका, रिलीजचा निर्णय माझा आणि बोर्डाचा होता. टेस्टिंगमध्ये बऱ्याच अडचणी दिसल्याच नाहीत असंही ते म्हणाले, पण ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने तिथल्या लोकांशी बोलून छापलं की नेहमीचे बरेच बग सापडले होते, सोडवायला वेळच नव्हता. आता सांगा, आळशी कोण?

जुन्या गेममध्ये बग नव्हते म्हणे! १९८० चा पॅकमॅन २५६ व्या लेव्हलला गेला की अर्धी स्क्रीन अक्षरांचा कचरा होते, कारण लेव्हल मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जातच नाही.

मुद्दाम बग ठेवतात हे तर काहीच्या काही, ते पॅच, म्हणजे बग दुरुस्त करणारे अपडेट, फुकट असतात आणि सायबरपंकच्या वेळी कंपनीला उलट लोकांचे पैसे परत द्यावे लागले. हां, एवढं मात्र मान्य करावं लागेल की पूर्वी कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या डबीवर, गेलेला गेम नंतर दुरुस्त करता यायचा नाही, आता पहिल्याच दिवशी पॅच देता येतो म्हणून वरचे लोक अर्धवट माल बाजारात आणायला धजावतात. सायबरपंकच्या वेळी रिलीजआधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीचं व्हर्जन दिलं होतं, प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचं नाही. ही फसवणूकच होती आणि त्याचा राग यायलाच हवा, पण तो भिंती घासणाऱ्या पोरांवर कशाला?

मावसभावाला हे सगळं पाठवलंय. त्याने ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकला तिथेच, आईला दिसेल असं, चुकलं म्हणून लिहावं.