‘अरे संसार संसार’ मुलाने रचलेले नाही

असोद्याकडच्या माझ्या मावशीच्या मोबाइलवर गेल्या आठवड्यात एक संदेश आला आणि तो माझ्यापुढे धरून तिने विचारले, “मंग बहिनाबाईनं काहीच नही केलं का रे?” संदेशाचा आशय असा: ‘अरे संसार संसार’ हे गाणे ‘मानिनी’ चित्रपटासाठी लिहिले गेले, ध्वनिमुद्रणाला बहिणाबाई चौधरी स्वतः हजर होत्या, पती वारले त्याच दिवशी त्यांना ते सुचले, आणि मुळात ते त्यांचे नव्हेच, निरक्षर बाईच्या नावावर ते कवी असलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, खपवले. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, एवढाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी वारल्या. त्यांची गाणी 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि ‘मानिनी’ पडद्यावर आला तो 1961 मध्ये. पहिले दोन मुद्दे इथेच मिटले. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले हे खरे. पण ते दुःख ‘लपे करमाची रेखा’मध्ये आहे. या गाण्यात तर ‘नही रडनं कुढनं’ असे बजावले आहे.

उरला मुलाचा मुद्दा, आणि संताप येतो तो याचाच. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांपैकी किती जणींना अक्षरओळख होती? ओवी रचायला पाटी-पेन्सिल लागत नाही, कान लागतो. शिवाय गाण्याची बोली पाहावी: मियते, कयसाले, गयांतला. ‘ळ’चा ‘य’ करणारी ही खानदेशातली लेवा गणबोली आहे, तर सोपानदेवांची स्वतःची कविता प्रमाण मराठीत आहे. ही गाणी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली म्हणून उरली, बाकीची कितीतरी हरवली, एवढे मात्र मान्य करावे लागते, आणि लिहून घेताना एखादा शब्द बदललाच नसेल असेही कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण लिहून घेणारा आणि रचणारा यांतला फरक पोथी उतरवून घेणाऱ्यालाही कळतो.

मावशीला मी तो संदेश मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्यात ‘तेव्हा मिळते भाकर’ असे छापले होते. तिने मला तिथेच थांबवले आणि म्हणाली, “मिळते नही रे, मियते.”