म्हणे आईबापांनी लक्ष द्यायला हवं होतं

आज सकाळी एका ग्रुपवर बेपत्ता होऊन मृत सापडलेल्या मुलींबद्दल कुणीतरी लिहिलं, "आईबापांनी वेळीच लक्ष दिलं असतं तर मेणबत्त्या घेऊन फिरायची पाळी आली नसती." खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझ्या ओळखीचेही आहेत. म्हणून लिहितेय.

आमच्या वाड्यावर एक बाबा आहेत. नाव सांगत नाही, त्यांच्या घराकडे आधीच पुष्कळ नजरा लागलेल्या असतात. त्यांची मुलगी दुकानात कामाला होती. एका संध्याकाळी ती शेवटच्या बसने आली नाही. रात्रीच ते पोलीस स्थानकात गेले, सोबत मी होते. पहिला प्रश्न आला, "कुणाबरोबर होतं का तिचं?" मग, "सज्ञान आहे ना? येईल. दोन दिवस थांबा."

दोन दिवस! या गोव्यात! शिरोड्याच्या महानंद नाईकला विसरलात? २००९ साली पकडला गेला तेव्हा त्याने १६ खुनांची कबुली दिली होती, पहिला १९९४ चा. लग्नाचं आमिष दाखवायचा, ओढणीने गळा आवळायचा, अंगावरचं सोनं काढून घ्यायचा. बहुतेक गरीब घरच्या मुली. पुराव्याअभावी कित्येक खटल्यांतून तो सुटला. इतक्या वर्षांनी पुरावे राहणार कुठून?

आमच्या बाबांच्या बाबतीत तेच. दुकानासमोर कॅमेरा होता. रेकॉर्डिंग मागायला पोलीस गेले तोवर त्यावर नवीन चढलं होतं. बाबा पहिल्याच सकाळी सांगत होते, तो कॅमेरा बघा हो, तो कॅमेरा बघा. मृतदेह मिळाल्यावर मात्र सगळ्यांची धावपळ.

पोलिसांकडे माणसं कमी आहेत, काही मुली आपणहून जातात, मान्य. ते ठरवायचं शोधल्यावर, शोधण्याआधी नाही.

आणि आईबाप अडून बसले नाहीत तर काय होतं? २००८ साली हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली, आधी बुडाली म्हणून सांगितलं गेलं. आई हटली नाही, दुसरी शवचिकित्सा करायला लावली, तेव्हा अंगावरच्या जखमा पुढे आल्या. तरी खालच्या कोर्टाने दोन्ही आरोपींना सोडलं आणि उच्च न्यायालयात एकाला शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. काणकोणला २०१७ साली एका परदेशी तरुणीचा खून झाला, संशयित लगेच हाती लागला, तरी जन्मठेप सुनावली गेली २०२५ मध्ये. त्या आईबापांनी आणखी किती लक्ष द्यायचं होतं?

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. मुलीला अठरा पूर्ण झाली की फक्त हरवल्याची नोंद. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिचा जीव स्वस्त होतो का? तक्रार आली त्या रात्रीच फोनचं लोकेशन काढा, कॅमेरे ताब्यात घ्या, शेवटचं कोण भेटलं ते विचारा. मुलगी सुखरूप सापडली तर कुणाचं काय बिघडलं?

मघाशी बाबांकडे जाऊन आले. ग्रुपवरचं त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी कोर्टाच्या कागदांची पिशवी पुढे केली, म्हणाले, "बाय, यात पुढची तारीख कुठे लिहिलीय ते बघ गो." दर तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते. साक्षीदार आला नाही की पुन्हा नवी तारीख. कोर्टात ते मागच्या बाकावर एकटे बसतात.

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. गाडीत तिघांची जागा आहे. अंगठा देणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तरी कळवा.