पुराच्या दिवशी घसरलेले रेटिंग

२३ सप्टेंबर २०२३ या एका दिवसात माझ्या मामेबहिणीला एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेकडून आलेले पाच ईमेल मी अजून जपून ठेवले आहेत. पहिला सकाळी साडेनऊचा असून आज अकरा पार्सले पिकअपसाठी तयार ठेवावीत, असे त्यात म्हटले आहे. शेवटचा रात्रीचा आहे. पिकअपच्या वेळी विक्रेता उपलब्ध नव्हता, सबब हा उशीर विक्रेत्याच्या खात्यावर नोंदला जाईल, अशी त्यात सूचना आहे. मधल्या तिनांपैकी एकात येत्या सेलसाठी साठा वाढवण्याचे आवाहन होते. ताईने तो सगळा दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढला होता.

नागपूरकरांना त्या रात्रीविषयी वेगळे सांगायला नको. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नागनदीने डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरपासून सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्या झोपेत गाठल्या. मोरभवनच्या आवारात बसगाड्या बुडालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते, त्यामुळे बऱ्याच घरांत पाहुणे मुक्कामाला होते आणि आरास तशीच मांडलेली होती. ताईच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत मात्र साड्यांचे गठ्ठे होते, आणि तेही नेहमीच्या दुप्पट. दोन मोठ्या कंपन्यांचे सणासुदीचे सेल त्या वर्षी ८ ऑक्टोबरला सुरू व्हायचे होते आणि ताईच्या बाजारपेठेचाही सेल त्याच सुमारास होता. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाने गांधीबागेतून, इतवारीतून, कोणी थेट सुरतहून उधारीवर माल उचलून ठेवला होता. वर्षातला सर्वांत मोठा साठा घरात असण्याचे दिवस आणि परतीच्या पावसाचे दिवस आपल्याकडे एकच असतात, ही गोष्ट या धंद्याचे गणित मांडणाऱ्यांच्या कधी लक्षात आली असेल असे वाटत नाही.

मी व्यवसायाने लहान विक्रेत्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे पाहतो. आपत्तीनंतर ऑनलाइन बाजारपेठांनी आपल्या विक्रेत्यांना नेमकी कोणती मदत करावी, यावर माझे मत त्या आठवड्यात तयार झाले आणि पुढे ते बदलण्यासारखे काही घडले नाही. विक्रेत्याला पहिल्या पंधरवड्यात देणगी नको असते, कर्ज तर नकोच असते. त्याला सवड हवी असते आणि त्या सवडीची शिक्षा होणार नाही अशी हमी हवी असते. ताई तेव्हा फोनवर म्हणाली होती, ‘मला पैसे नकोत रे, फक्त पंधरा दिवस माझ्या मागे लागू नका, एवढंच सांग त्यांना.’ हे सांगायचे कोणाला, हा प्रश्न मात्र उरलाच, कारण सेलर पॅनलवर, म्हणजे विक्रेत्याच्या ऑनलाइन खात्याच्या पानावर, तिकीट म्हणजे लेखी तक्रार टाकण्यापलीकडे बोलण्याची सोय नव्हती आणि तिकिटासाठी कारणांची जी यादी दिली होती तीत पूर हे कारणच नव्हते. आम्ही शेवटी ‘इतर’ निवडले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी ही शिक्षा कशी होते ते सांगतो. अ‍ॅमेझॉनचे निकष विक्रेत्यांना पाठ असतात. सदोष ऑर्डरींचे प्रमाण १ टक्क्याच्या आत, विक्रेत्याने पाठवण्याआधीच रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत आणि उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. ताईची बाजारपेठ दुसरी होती, पण निकष सगळीकडे साधारण याच घाटाचे असतात. आता आठवड्याला चाळीस ऑर्डरी असलेल्या विक्रेतीचे गणित करून पाहा. चाळीसचे अडीच टक्के म्हणजे एक. आठवड्यातून एकच ऑर्डर रद्द करण्याची तिला मुभा आहे. दुसरी रद्द झाली की ती रेषेच्या पलीकडे गेली. ताईला त्या आठवड्यात एकोणीस ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या, कारण त्या साड्या चिखलात होत्या. परिणाम असा झाला की आधी तिच्या साड्या शोधयादीत खाली गेल्या, मग काही लिस्टिंग, म्हणजे साड्यांची विक्रीची पाने, बंद पडल्या आणि ८ ऑक्टोबर उजाडला तेव्हा सेलमध्ये भाग घेण्याची तिची पात्रताच गेलेली होती. पुराने तिचा माल नेला होता. सहा वर्षे जमवलेले रेटिंग मात्र पुराने नेले नव्हते, ते एका सूत्राने नेले, आणि माल पुन्हा भरता आला तसे ते पुढचे दहा महिने भरता आले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच दिवशी त्याच अ‍ॅपवर मी ग्राहक म्हणून ताईच्या पत्त्याचा पिनकोड टाकून पाहिला, तेव्हा ‘या भागात सध्या डिलिव्हरी उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. म्हणजे कंपनीच्या एका खिडकीला पूर कळलेला होता. कुरिअरच्या मुलांनी त्या वस्तीत जाऊ नये हे कंपनीने ठरवले होते, आणि ते योग्यच होते. दुसऱ्या खिडकीतून मात्र त्याच वस्तीतल्या विक्रेतीला पार्सल तयार का नाही असे विचारले जात होते. नंतर तिच्याकडे पुराचा पुरावा म्हणून फोटो आणि प्रमाणपत्रे मागण्यात आली. ज्या पिनकोडमध्ये माल पोहोचवणे आपण स्वतः थांबवले, तिथून माल उचलणेही थांबले असणार, हे समजायला विक्रेत्याच्या कागदांची गरज का पडावी? दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या, तर त्या पिनकोडमधल्या सर्व विक्रेत्यांचे घड्याळ कोणी अर्ज न करता आपोआप थांबू शकते.

हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी याच्या जवळपास जाणारी व्यवस्था आहे. ईबे ही ऑनलाइन बाजारपेठ वादळासारख्या संकटात त्या भागातल्या विक्रेत्यांना संरक्षण जाहीर करते. उशीर त्यांच्या खात्यावर धरला जात नाही आणि ग्राहकाला दिसणारी अपेक्षित तारीखही पुढे सरकवली जाते. मला यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाला अंधारात ठेवून विक्रेत्याला सवलत दिली, तर राग शेवटी विक्रेत्यावरच निघतो. ‘हे दुकान पूरग्रस्त भागात आहे, ऑर्डर दहा दिवस उशिरा येईल, थांबणार का?’ एवढे साधे वाक्य ग्राहकासमोर आले, तर बरेच लोक थांबतील. ताईने स्वतः तेवीस ग्राहकांना कळवण्याचा प्रयत्न केला, पण बाजारपेठेच्या नियमांमुळे तिला त्यांचे नंबरच दिसत नव्हते.

एट्सी ही हस्तकलेची बाजारपेठ आणखी एक पाऊल पुढे गेलेली आहे. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये तिने तिथल्या सर्व विक्रेत्यांकडून कंपनीला येणे असलेली रक्कम माफ केली. ती सुमारे ४० लाख डॉलर होती. युद्ध ही नैसर्गिक आपत्ती नव्हे हे मान्य, पण लिस्टिंगचे, जाहिरातीचे आणि व्यवहाराचे शुल्क खात्यातून पुसून टाकण्यासाठी कोणाच्या दारात ट्रक न्यावा लागत नाही, हे त्यातून दिसले. अमेरिकेतल्या आपत्तीग्रस्त विक्रेत्यांसाठी याच कंपनीने सर्फ प्लस या संस्थेच्या साहाय्याने अनुदानाचा निधी चालवला आहे. ही संस्था १९८५ पासून कारागिरांना संकटात मदत करते. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हेलीन चक्रीवादळामुळे अ‍ॅशव्हिल शहरात फ्रेंच ब्रॉड नदीने कलाकारांच्या कार्यशाळांची अख्खी वस्ती बुडवली, तेव्हा अशा व्यवस्थांची गरज तिथे ठळकपणे दिसली. आपल्याकडे विणकर आणि कारागीर तिथल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, पण अशी यंत्रणा एखाद्या बाजारपेठेने कायमस्वरूपी उभी केल्याचे माझ्या एकाही अशिलाच्या अनुभवात नाही.

आपल्याकडच्या कंपन्या काहीच करत नाहीत असे मी म्हणणार नाही. २०१८ च्या केरळच्या पुरात अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टने ग्राहकांना अ‍ॅपवरूनच पूरग्रस्तांसाठी वस्तू दान करण्याची सोय करून दिली होती, गूंजसारख्या संस्था ते सामान पोहोचवत होत्या, आणि ते काम चांगलेच होते. पण त्यात ग्राहक दाता असतो आणि पूरग्रस्त घेणारा असतो. पूरग्रस्त माणूस त्याच अ‍ॅपवरचा दुकानदारही असू शकतो, याला त्या चित्रात जागा नसते.

त्याच पुरात केरळमधल्या चेंदमंगलम या विणकरांच्या गावात ओणमसाठी विणून ठेवलेल्या साड्या चिखलाने माखल्या होत्या. दोन स्वयंसेवकांनी त्या निर्जंतुक करून त्यांच्या चिंध्यांपासून ‘चेकुट्टी’ नावाच्या छोट्या बाहुल्या करायला सुरुवात केली. एका साडीतून ३६० बाहुल्या होत आणि एक बाहुली २५ रुपयांना विकली जाई, म्हणजे फेकून देण्याच्या लायकीच्या साडीचे ९,००० रुपये झाले. डाग लपवले नाहीत, उलट तेच सांगून विकले, आणि खरेदीदार देशभरातून ऑनलाइन आले. ताईनेही चाळीसेक साड्या धुऊन वाळवल्या होत्या. सुती होत्या, थोडा रंग उतरला होता, नेसायला उत्तम होत्या. पण पॅनलवर मालाच्या स्थितीसाठी ‘नवीन’ याखेरीज पर्यायच नव्हता आणि खोटे लिहायची तिची तयारी नव्हती. त्या साड्या शेवटी भिशीच्या बायकांनी आणि नातेवाइकांनी घेतल्या. पूरग्रस्त विक्रेत्यांचा डागाळलेला माल तसा स्पष्ट सांगून, कमिशन न घेता, महिनाभर विकू देणारे एक पान बाजारपेठेने उघडले असते, तर तिचा निम्मा तोटा भरून निघाला असता.

आता पैशांचे बोलतो, कारण हिशेबनीसाला ते टाळता येत नाही. पुराच्या दिवशी ताईचे ३८,००० रुपये कंपनीकडे जमा होते. ग्राहकांनी माल घेतलेला, पैसे भरलेले, फक्त सेटलमेंटची, म्हणजे ते तिच्या खात्यात वळते होण्याची, तारीख यायची होती. ही मदत नव्हे, तिचेच पैसे होते. ते त्याच आठवड्यात मोकळे केले असते, तर सुरतच्या व्यापाऱ्याचा पहिला हप्ता गेला असता. प्रत्यक्षात काही ऑर्डरी रद्द झाल्या म्हणून ‘जोखीम’ वाढली आणि रक्कम आणखी रोखून धरली गेली. त्याच काळात तिला पॅनलवर कर्जाची जाहिरात मात्र दिसत होती.

सरकारी मदतीतही घरातून चालणारे दुकान कुठे बसत नाही. त्या पुरानंतर राज्य सरकारने घरांसाठी १० हजार, टपऱ्यांसाठी १० हजारांपर्यंत आणि दुकानांसाठी ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. ताईच्या खोलीला शटर नव्हते, पाटी नव्हती, त्यामुळे पंचनाम्यात ते घर म्हणून नोंदले गेले. बाजारपेठेने तिच्या नावे ‘हा विक्रेता या पत्त्यावरून सहा वर्षे व्यवसाय करत आहे, गेल्या वर्षीची विक्री एवढी’ असे एक पत्र तत्परतेने दिले असते, तर आम्हाला निदान वाद घालता आला असता.

जीएसटी कायद्याचा फटका सर्वांत शेवटी कळतो. कलम १७(५)(ह) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून मिळणारी वजावट, घेता येत नाही आणि आधी घेतले असेल तर परत करावे लागते. ताईचा ३,४०,००० रुपयांचा माल गेला. ५ टक्क्यांप्रमाणे १७,००० रुपयांचे क्रेडिट तिच्या विवरणपत्रात मी स्वतः उलटवले. तिला हे समजावून सांगताना मला ओशाळल्यासारखे झाले. माल नदीने नेला आणि त्याचा कर आपल्याला पडला. यात बाजारपेठेचा दोष नाही आणि तिला कायदाही बदलता येणार नाही, पण विक्रेत्याची नोंदणी करताना ती त्याच्याकडून दहा कागद घेते, तेव्हा विम्याविषयी एक ओळ सांगू शकते. लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती लागू होते आणि तिच्यात पुराचाही समावेश आहे. ताईने घराचा विमा काढलेला होता आणि साड्या त्यातच आल्या, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. माझीही चूक आहेच. मी तिची विवरणपत्रे भरत होतो आणि विम्याचे कधी विचारले नव्हते.

कंपन्यांची एक बाजू मला ठाऊक आहे. सवलत दिली की पाऊस पडला नसतानाही पूर सांगणारे निघतील, असे ते म्हणतात. निघतीलही. म्हणूनच ही सवलत विक्रेत्याच्या सांगण्यावर न ठेवता पिनकोडवर, हवामान खात्याच्या इशाऱ्यावर आणि कंपनीच्या स्वतःच्या बंद पडलेल्या फेऱ्यांवर ठेवावी, असे मी म्हणतो.

ताईने पुढच्या उन्हाळ्यात मागच्या खोलीत चार फूट उंचीवर लोखंडी रॅक ठोकून घेतले. आता जून लागला की ती पॅनलवर पाठवणीची मुदत एक दिवसावरून तीन दिवसांवर नेते. त्यामुळे शोधयादीत थोडे मागे पडावे लागते, ते तिने स्वीकारले आहे. आणि नागपूरला ऑरेंज अलर्ट आला की संध्याकाळी स्वतःच दुकान ‘सुट्टीवर’ टाकते, सकाळी अंबाझरीकडे एक चक्कर मारून येते आणि मगच उघडते.