तीनचाकी हे वाहन आहे का?

धर्म, कायदा आणि नीती या तिघांच्या मधल्या बोळात माझं अख्खं करिअर गेलं, त्यामुळे कायदेवाले म्हणतात ही फिलॉसॉफीवाली, फिलॉसॉफीवाले म्हणतात ही धर्माकडची, आणि धर्म शिकवणारे मला बघून नुसते हसतात. ग्रँटच्या फॉर्मवर 'विषय' पुढे एकच टिक करायची असते, तिथे मी दरवेळी पेन हातात धरून बसते.

तसा बोळ जुनाच आहे हो. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस कोर्टाच्या दारात उभाय, देवांना मानत नाही म्हणून केस अंगावर, आणि तिथे भेटतो युथिफ्रो, जो सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला आलाय. सॉक्रेटिस त्याला विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? युथिफ्रो बराच वेळ गोल गोल फिरतो आणि शेवटी घाईत आहे सांगून सटकतो. माझे विद्यार्थीही हेच करतात.

पण खरा छळ शेजाऱ्यांचा. परवा खालच्या काकांनी जिन्यातच गाठलं. बिल्डिंगच्या बागेत 'वाहनांस मनाई' अशी पाटी, आणि तिथे साडेतीन वर्षांचा आरोपी तीनचाकी पळवतोय. "मॅडम, तुम्ही कायद्यातल्या ना, मग सांगा, हे वाहन आहे की नाही? हो का नाही, एवढंच."

एवढंच! अहो, 1958 मध्ये हार्ट नावाच्या ब्रिटिश कायदा-तत्त्वज्ञाने नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं, बागेत मोटार नको हे पक्कं, पण सायकल? रोलर स्केट्स? खेळण्यातली मोटार? म्हणजे शब्दाचा गाभा पक्का असतो, कडा धूसर. मी रंगात आले. त्यावर फुलर नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने विचारलं, महायुद्धातला चालू कंडिशनमधला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर ठेवला तर?

काका दचकले. "म्हणजे ट्रकपण आणणारेत?" आणि तडक सेक्रेटरीकडे गेले. आरोपी तोवर झोपायला गेला होता.

बरं, नीती शिकवणारे तरी नीतीने वागतात का? 2009 साली श्विट्झगेबेल नावाच्या तत्त्वज्ञाने तपासलं तर लायब्ररीतून नीतिशास्त्राची पुस्तकं फिलॉसॉफीच्या इतर पुस्तकांपेक्षा जास्त गायब झालेली निघाली. वाचून मी जाम भडकले, खोडून काढायचं म्हणून कपाटातून एक पुस्तक ओढलं, तर आत लायब्ररीचा शिक्का आणि गेल्या वर्षीची तारीख.

खाली लिहिलंय, 'वेळेत परत करावे'. आता 'वेळेत'चा गाभा मला मान्यच आहे, पण कडा...