उतरायचं नाही ना, मग दारात कशाला?

लोकल उशिरा आली की शिव्या खातो मोटरमन. अहो, एकदा दाराकडे बघा की!

गाडी स्टेशनात थांबायची वेळ धरा 30 सेकंद. दारातून शेजारी-शेजारी तिघं उतरू शकतात. पण दोन्ही कडांना मोबाइलमध्ये मुंडी घातलेले दोन खांब उभे. उरतो एका माणसापुरता बोळ. त्यातूनच आतला बाहेर येणार आणि बाहेरचा, उतरणाऱ्यांना न जुमानता, आत घुसणार. गेले 15 सेकंद जास्तीचे. 12 स्टेशनांवर हेच झालं की 3 मिनिटं खलास, आणि गर्दीच्या वेळी दोन गाड्यांतलं अंतरच मुळी तीन-चार मिनिटांचं!

बरं, तेवढ्यावर भागत नाही. गाडी जितकी रखडते तितकी पुढच्या फलाटावर माणसं साचतात, म्हणून तिथे ती आणखी रखडते. मागची बिचारी वेळेवर असते, पण पुढचा ट्रॅक मोकळा नाही. सिग्नल आधी पिवळा, मग लाल. बसा दोन स्टेशनांच्या मध्ये घाम पुसत.

आपोआप लागणारी दारं असली तरी शहाणे आहेतच. धावत यायचं आणि लागत्या दारात सॅक घालायची. दाराला अडथळा कळतो, ते परत उघडतं. सगळी दारं लागल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणजे सॅकच्या एका पट्ट्यापायी अख्खी गाडी उभी. त्यात दार बिघडलंच तर कुणीतरी तिथवर जाऊन ते हाताने लावून लॉक करणार. तोवर बसा बोंबलत.

आणि सगळ्यांना जिन्यासमोरचाच डबा का लागतो? बाकीची दारं कधीच मोकळी होतात, पण गाडी सुटते ती सगळ्यात तुंबलेल्या दाराच्या हिशोबाने.

रेल्वेवाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत. ऐनवेळी फलाट बदलायचा, मग पुलावर दोन लोंढे समोरासमोर. वर घोषणा काय, तर ‘तांत्रिक कारणामुळे’. अरे, कुठलं कारण? पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, अडकला असेल तर थांबण्यात अर्थ आहे. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर माणूस सरळ बस गाठेल. एवढं एक वाक्य बोलायला जीभ झिजते का?

ते सुधारतील तेव्हा सुधारतील. तुम्ही ती सॅक पाठीवरून काढा, पायाशी ठेवा. पुढच्या स्टेशनला उतरायचंय? नाही? मग सरका आत!