पंचगंगेकाठी एरेटर कशाला?

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर परवा एक मेसेज तीनदा फिरला: "पाणी वाचवणारे फ्लश आणि एरेटर (नळाच्या तोंडाला लावायची, धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) लातूर-सोलापूरसारख्या दुष्काळी भागानं बसवावेत. कोल्हापूरला पंचगंगा आहे, वर काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन. त्या फ्लशनं दोनदा पाणी सोडावं लागतं. आणि सगळं पाणी ऊसच पितो."

पंचगंगा आहेच, पण नळाला येतं ते उपसलेलं, शुद्ध केलेलं आणि मोटरनं गच्चीवर चढवलेलं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली. गावभर पाणी, आणि आपण घागरी घेऊन टँकरपुढं! थेट पाइपलाइनलाही पंप लागतातच, म्हणजे प्रत्येक लिटरला वीज आली. बरं, वापरलेलं पाणी जातं कुठं? सांडपाणी होऊन पुन्हा पंचगंगेकडंच, आणि खाली इचलकरंजी आहे. २०१२ ची तिथली काविळीची साथ आठवली की मला बेसिनचा नळ उगाच सोडवत नाही.

राहिला 'दुष्काळी भागानं बसवावेत' हा मुद्दा. अमेरिकेत १९९४ पासून घरगुती नव्या कमोडला एका फ्लशला सुमारे ६ लिटरची मर्यादा आहे; कोरड्या ॲरिझोनाला आणि पावसाळी सिएटलला सारखीच.

दोनदा फ्लश करावा लागतो, ही तक्रार मात्र खरी असू शकते. जुन्या, १०-१२ लिटरच्या टाकीत बाटली ठेवून पाणी कमी केलं की कमोडचं भांडं नीट धुतलं जात नाही, कारण ते भांडं तेवढ्या पाण्यासाठीच घडवलेलं असतं. ३ आणि ६ लिटरची दोन बटणांची टाकी घ्यायची, तर भांडंही तिला जुळणारंच घ्या.

एरेटरही सगळीकडं नको. बादली भरायच्या नळाला लावून काय उपयोग? बादली तेवढीच भरणार, फक्त उशिरा. बेसिनला लावा. आमच्या बेसिनखाली लिटरचा तांब्या धरला, तर सहा सेकंदांत भरला. एरेटर लावल्यावर पंधरा. बोअरच्या पाण्यानं जाळी चोंदते, ती रात्रभर लिंबाच्या रसात ठेवायची.

ऊस खूप पाणी पितो, मान्य. ठिबक व्हायलाच हवं. पण म्हणून आपल्या घरातली गळती थांबत नाही.

आणि ती दिसतही नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. आम्ही शेजारच्या काकूंकडं टाकला, तर दहा मिनिटांत भांड्यात लाल धार. आतलं रबर झिजलं होतं. काकू म्हणाल्या, "अगं, हे तर दिवाळीपासनं असंच वाजतंय!"