पाऊण ग्रॅम पाषाण

काळ्या रंगाची गाडी घेऊ नका, असे मला तीन जणांनी सांगितले होते. पण त्या तिघांकडेही पांढऱ्या गाड्या असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात मला मत्सराचा वास आला. आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. तिथे महापालिकेचे पाणी पिण्यापुरते येते आणि बाकीचा संसार बोअरच्या, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालतो. नळाच्या तोंडाला पांढरा थर चढतो, गीझरची कॉइल दरवर्षी चुन्यात बुडवून काढल्यासारखी बाहेर येते. तेव्हा गाडीचेही असेच काहीतरी होणार, हे शाळेत दुष्फेन पाण्याचा धडा पाठ केलेल्या माणसाला सुचायला हवे होते. ते सुचले नाही, कारण तो धडा मी दोन गुणांसाठी पाठ केला होता.

पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, भर उन्हात, मी गाडी शाम्पू लावून मनसोक्त धुतली आणि ती आपोआप वाळेल या भरवशावर चहा प्यायला वर गेलो. वीस मिनिटांनी खाली येऊन पाहतो, तर बॉनेटवर कोणीतरी एकवीस ते अकरा ठिपक्यांची रांगोळी मांडून रेषा जोडायला विसरल्यासारखे दृश्य होते. टपावर, काचांवर, दिक्कीवर, सगळीकडे पांढरे ठिपके. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका फिरून परत येत होते. ते गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘काय हो, आज धुवायची राहिली वाटतं?’’ आदल्या दिवशी त्याच गाडीवर चार दिवसांची धूळ होती आणि ते एक शब्दही बोलले नव्हते. धूळ सगळीकडे सारखी बसते म्हणून ती रंगाचाच भाग वाटते. डाग मात्र मोजता येतात, आणि काका बँकेतून निवृत्त झालेले.

त्या संध्याकाळी मी टीडीएस मोजण्याचे पेनासारखे मीटर मागवले. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार त्यावर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दिसतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ५००पर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यावेत. आमच्या बोअरचा आकडा ७८० निघाला. मी कागद घेतला. गाडी धुवायला लागलेल्या साठ लिटर पाण्यात सुमारे ४७ ग्रॅम क्षार होते. त्यातले बहुतेक ओघळून गटारात गेले असणार. गाडीवर शेवटी लिटरभर पाणी चिकटून राहिले असे धरले, तरी हिशेब पाऊण ग्रॅमचा होतो. या पाऊण ग्रॅमने माझा रविवार घालवला होता. दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेते. ऊन लागले की पाणी उडून जाते आणि पाषाणाचा अंश माझ्या बॉनेटवर परत दगड होऊन बसतो. थेंब कडेला लवकर सुकत असल्यामुळे आतले पाणी विरघळलेला माल घेऊन सारखे कडेकडे धावते, म्हणून डागाला कंगोरा येतो. वाळलेल्या कॉफीच्या थेंबाभोवती कडा का पडते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली केला, तो हाच. हे सगळे मी काकांना समजावून सांगितले. ते म्हणाले, ‘‘पण पुसायची ना!’’

पुसायची, पण कशाने, हा प्रश्न आमच्या घरात आठवडाभर गाजला. माझ्या वडिलांचे मऊसूत झालेले जुने धोतर पत्नीने काढून दिले. त्याने पाणी उत्तम टिपले, पण काळ्या रंगावर इतके तंतू सोडले की गाडीला नुकती लव फुटल्यासारखी दिसू लागली. शेवटी पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे जाडजूड मायक्रोफायबर कापड आणले, आणि ते खरोखरच ढेकर न देता पाणी पीत होते. दुसऱ्या आठवड्यात ते इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेले आणि त्यात कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव पडले. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड पाणी शोषत नाही, नुसते पसरवते. त्या रविवारी मी चमेलीच्या वासाच्या कापडाने गाडीवरचे पाणी उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे नेत राहिलो. तेव्हापासून ते कापड मी स्वतः, वेगळ्या बादलीत, साध्या साबणाने धुतो. पत्नी म्हणते, ‘‘अहो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण घरातलं एखादं कापड तुम्ही इतक्या मायेनं धुताना मी आजवर पाहिलं नाही.’’

मग मेण लावण्याचा सल्ला मिळाला. मेणाने पाण्याचे सुरेख मोती होतात. उभ्या दारांवरून ते घरंगळतातही, परंतु टपावर आणि बॉनेटवर ते जागचे हलत नाहीत, आणि प्रत्येक मोती वाळला की एक डाग देऊन जातो. म्हणजे पूर्वीची अस्ताव्यस्त रांगोळी आता रेखीव झाली. पाणी वाया घालवू नये म्हणून शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी गाडीसाठी वापरा, ही सूचना सोसायटीच्या फलकावर बरेच दिवस लावलेली आहे. मी तेही भक्तिभावाने साठवले आणि मग मीटर बुडवले, तर आकडा अकराशेच्या घरात. यंत्राने आमच्या पेल्यातून काढून घेतलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असणार, हे उघड होते. जुन्या डागांवर समभाग पाणी मिसळलेला व्हिनेगर लावला, लगेच धुतला, आणि डाग बरेच विरघळले. पण दोन दिवस गाडीत बसणारा प्रत्येक जण मंचुरियन कोणी आणले, असे विचारत होता.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी साडेसहाला, सावलीत, इंजिन गार असताना काम सुरू होते. शेवटची धार देताना पाइपचे तोंड दाबायचे नाही. टपापासून संथ पाणी सोडले की ते चादरीसारखे सरकते आणि जाताना बरेच थेंब सोबत घेऊन जाते. मग कापड अंथरून, जोर न लावता, पोळीवर तूप फिरवावे तशा हाताने ओढायचे. ते जमिनीवर पडले तर त्याला लागलेली माती रंगावर ओरखडे काढते, म्हणून त्या दिवसापुरते ते बाद. अखेरच्या बादलीसाठी मी एसीचे पाणी धरतो. हवेतली वाफ थंड होऊन ते बनते, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पण मे महिन्यात पुण्याची हवा इतकी कोरडी असते की दोन एसी रात्रभर चालूनही बादलीचा तळ जेमतेम झाकतो. ‘‘या पाण्याचा लिटरमागे भाव काय पडला, ते वीजबिल आल्यावर सांगा,’’ असे पत्नीने थंडपणे सुचवले आहे.

एवढे करूनही बाजूचे आरसे उरतात. आरशाच्या पोकळीत पाणी दडून बसते आणि सगळे कोरडे झाल्यावर, मी कापड पिळून दोरीवर टाकत असताना, अगदी सावकाश एक ओघळ काढून दारावरून खाली येते. तो पुसावा, तर पाच मिनिटांनी दुसरा. मागच्या रविवारी मी यावर उपाय केला. धोतराचे दोन तुकडे फाडले, दोन्ही आरशांभोवती घट्ट गुंडाळले, वर गाठ मारली आणि गाडी तशीच सावलीत ठेवून वर आलो.

चहा अर्धा झाला होता, तेवढ्यात खालून रखवालदाराचा फोन आला. त्याचा आवाज खरोखर काळजीचा होता.

‘‘साहेब, गाडीला दोन्ही बाजूंनी लागलंय का?’’